धारेवरून, नाळेतून: कोयनेच्या रानातल्या वाटा

श्रोतेहो नमस्कार. पाऊस उघडत आलाय, कासची फुलं ओसरली की बामणोलीच्या बोटी वासोटा किल्ल्याकडं परत सुरू होतील, आणि मग साताऱ्यात, कराडात, सांगलीत पोरापोरींचे ग्रुप ठरायला लागतील, शनिवारी जायचं का रविवारी, गाडी कुणाची, डबे कोण आणणार. तर त्या सगळ्यांशी, आणि त्यांना "संध्याकाळी वेळेत ये गं" म्हणणाऱ्या घरच्यांशीही, आज कोयनेच्या रानातल्या वाटांबद्दल बोलायचंय.

वासोटा नाव सगळ्यांना माहितीय, फोटो तर सगळ्यांनी बघितलेत. पण तिथली वाट ही नुसती गडावर पोचायची सोय नाही हो, ती वाटच बघण्यासारखी आहे. ती कुणी शोधली, ती तिथूनच का जाते, दहा पावलं उजवीकडून का जात नाही, हे एकदा कळलं ना, की मग माणूस शॉर्टकट मारायला धजत नाही. माझं आजचं सगळं बोलणं त्यासाठीच आहे.

आधी आपला सातारा जिल्हा कसा आहे ते बघा. पूर्वेला म्हसवड, दहिवडीकडं वर्षाला पाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही पडला तर पडला, आणि त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर, नवजा, पाथरपुंज इथं एका पावसाळ्यात पाच हजार मिलीमीटरच्या पुढं. गाडीनं तीनचार तासांचं अंतर, पण इकडं टँकर आणि तिकडं भर दुपारी अंधार पडेल एवढं रान. हे कशामुळं, तर समुद्राकडून येणारे ढग सह्याद्रीच्या भिंतीला येऊन थडकतात, वर चढतात, गार होतात आणि तिथंच रिकामे होतात, भिंतीच्या मागं आपल्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

आणि ती भिंत म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. एकावर एक असे थर वाहत आले, गार झाले, त्यावर पुन्हा दुसरा थर. काही थर टणक, काही मऊ. टणक थर आहे तिथं सरळसोट कडा उभा राहिला, मऊ थर होता तो झिजून आत गेला आणि तिथं आडवी पट्टी तयार झाली, तिला आपल्याकडं पदर म्हणतात, त्या पदरावर माती साठते, झाडं येतात, पाणी झिरपतं. पावसानं कड्याला जिथं चीर सापडली तिथं ती कापत कापत खोल केली, ती झाली नाळ, म्हणजे दोन्ही बाजूला कातळाच्या भिंती आणि मधून दगडधोंड्यांचा उतार. आता जुन्या माणसांनी वाटा कशा काढल्या बघा, धारेवरून, म्हणजे डोंगराच्या अरुंद माथ्यावरून चालत यायचं, नाळ सापडली की एक कडा उतरायचा, पदरावर आलं की आडवं जायचं, पुढची नाळ किंवा सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत गेलेली रांग, सापडली की पुन्हा उतरायचं, असं करत करत माणूस आणि लादलेला बैल कोकणात पोचत होता. हा डोंगर वाचल्याशिवाय ते जमलं नसतं. कोकणातून मीठ, सुकी मासळी वर यायची आणि देशावरचं धान्य खाली जायचं, ते अशाच घाटवाटांनी. हातलोटचा घाट, पार घाट, कुंभार्ली, त्यातल्या काहींवरून आता डांबरी रस्ता जातो, काही फक्त गावातल्या म्हाताऱ्यांनाच माहिती आहेत.

घाटमाथ्याच्या धारेवर उभं राहिलं की एक गोष्ट मला दरवेळी थक्क करते. पावसाचा थेंब पश्चिमेला पडला तर जगबुडी, वाशिष्ठीतनं थोड्याच तासांत अरबी समुद्राला, आणि वीतभर पूर्वेला पडला तर कोयनेत. कोयना मात्र महाबळेश्वराहून निघते ती आपल्या बाकीच्या नद्यांसारखी पूर्वेला पळत नाही, धारेला समांतर दक्षिणेला वाहत राहते, हेळवाकला येऊन वळते आणि मग पाटणवरून कराडला कृष्णेला मिळते, तिथून पुढं सांगली, कर्नाटक, आंध्र, थेट बंगालचा उपसागर. एवढ्याशा धारेवर दोन समुद्र ठरतात. आणि माणसानं त्यातही हात घातला, कोयना धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला पोफळीकडं सोडलं, त्यावर वीज केली, आणि ते पाणी वाशिष्ठीला गेलं. आज कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे, आपल्या घरातला दिवा लागतो त्यात या धारेच्या उंचीचा वाटा आहे.

पण त्या धरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण वाटांचा विषय तिथंच येतो. धरणाचा शिवसागर जलाशय भरला तेव्हा खोऱ्यातली गावंच्या गावं पाण्याखाली गेली, माणसं कुठं सोलापूर सांगलीकडं, कुठं ठाणे रायगडकडं गेली. पुढं १९८५ ला कोयना अभयारण्य झालं, २००४ ला चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० ला दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, २०१२ ला कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. रानासाठी हे फार चांगलं झालं, मनापासून सांगतो. पण वाटेवरून रोज जाणारी माणसं कमी होत गेली, गुरं कमी झाली, आणि वाट अशी असते की वापर थांबला की चारपाच पावसाळ्यांत कारवी आणि करवंद ती गिळून टाकते. आज रानात चालताना मध्येच आंब्याफणसाची मोठी झाडं दिसतात, बाजूला घराची जोती, एखादं तुळशीवृंदावन. तिथं जरा थांबत जावा. कुणाचं तरी अंगण आहे ते, तिथं बसून चिप्सची पाकिटं फोडू नका.

आता वासोट्याची वाट. साताऱ्याहून कास, कासवरून खाली बामणोली, तिथून बोट. जलाशयातनं तासदीड तास बोटीनं गेलं की मेट इंदवली, तिथं फॉरेस्टची चौकी. नावं लिहितात, फी घेतात, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून डिपॉझिट घेतात, परत येताना बाटल्या दाखवल्या की पैसे परत. काही जण तिथं हुज्जत घालतात, एवढ्याशा बाटलीसाठी काय म्हणून. अहो त्या एका नियमामुळं ते रान एवढं स्वच्छ राहिलंय! ज्या गडांवर असली चौकी नाही तिथली टाकी बघा एकदा, मग कळेल.

चौकीपासून थोडं आत गेलं की ओढा लागतो, तिथं उघड्यावरचा मारुती आणि गणपती, आणि मग चढ सुरू. इथनं पुढं तुम्ही खऱ्या रानात असता. अंजन, जांभूळ, हिरडा, ऐन, वरती फांद्यांची एवढी दाटी की ऊन खाली ठिपक्याठिपक्यानं येतं. शेकरूचं ओरडणं ऐकू येतं, आपला राज्यप्राणी, मान वर करून थांबलात तर दिसतोही, पण बोलत गोंगाट करत गेलात तर नाही. पावसाळा नुकता संपला असेल तर ओढ्याकाठी शीळकरी कस्तुर या पक्ष्याची शीळ, अगदी कुणीतरी माणूस वाजवतोय असं वाटतं. पुढं एक फाटा येतो, एक वाट नागेश्वराच्या गुहेकडं आणि एक गडावर, इथं चुकणारे बरेच असतात, म्हणून वाटाड्या पाहिजे.

रानातून बाहेर आलं की एकदम उघडी चढण आणि मग माथा. वर बिनछपराचा मारुती, पाण्याची टाकी, वाड्याची जोती, महादेवाचं देऊळ. आणि टोकाला गेलात की समोर जुना वासोटा आणि दोघांच्या मध्ये बाबू कडा. घोड्याच्या नालेच्या आकाराचा, आत वळलेला, खाली एकदम कोकणातलं रान. मघाशी मी थर सांगितले ना, टणक आणि मऊ, ते इथं पाटीवर आखल्यासारखे दिसतात, आडव्या काळ्या रेघा आणि मध्ये पदराची हिरवी पट्टी. तिथं शांत बसून बघा. काठावर उभं राहून रील काढायची नाही, हे मी हात जोडून सांगतोय, त्या काठावरची माती भुसभुशीत असते आणि वारा खालून वर येतो, तोल कधी जातो कळत नाही.

आता शॉर्टकट. नागमोडी वाट बघितली की तरण्या पोरांना सरळ खाली पळायचा मोह होतो. पण वाट नागमोडी का केली, तर उतारावर पाण्याला सरळ पळायला मिळू नये म्हणून. तुम्ही सरळ उतरलात, मागचे दहा जण तिथूनच उतरले, गवत तुटलं, माती उघडी पडली, पुढच्या पावसाळ्यात पाच हजार मिलीमीटरचा पाऊस त्याच घळीतून धो धो वाहणार. दोन वर्षांत तिथं कमरेएवढा चर. आणि मूळ वाटेची कड त्या चरात ढासळते ती वेगळीच. सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, तर अजून नाजूक काम आहे, जांभ्या दगडावर माती असते जेमतेम बोटभर, त्यात सीतेची आसवं, गेंद असली इवलीशी झाडं, एक बूट पडला की गेली. एका माणसाचा बूट मी म्हणत नाही, वीकेंडला हजारो बूट असतात.

आणि वाटा कायमच्याही नसतात बरं का. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलीमीटरच्या वर पाऊस झाला, पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथं दरडी कोसळून घरं गाडली गेली, माणसं गेली. डोंगर एका रात्रीत एवढा हलतो तिथं नाळेतली वाट काय टिकणार. म्हणून कुणाच्यातरी जुन्या जीपीएस ट्रॅकवर भरवसा ठेवून अनोळखी नाळेत उतरू नका. नाळेतले दगड सुटे असतात, दोघांच्या मध्ये अंतर ठेवायचं, एकाच्या बरोबर वर दुसऱ्यानं थांबायचं नाही, आणि पायाखालून दगड सुटला तर लाज न बाळगता "दगड!" म्हणून जोरात ओरडायचं.

दिवाळीनंतर अजून एक. गवत वाळतं, मुरमाड सोंडेवर आडवं झोपतं, दिसायला सोपी वाट पण बूट टिकत नाही, घसारा म्हणजे काय ते तिथं कळतं. ओल्या कातळापेक्षा मला या वाळल्या गवताची जास्त काळजी वाटते.

जनावरांचं म्हणाल तर भीती नको, अदब पाहिजे. गवा दिसला तर लांब थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं, त्याचं वजन आणि वेग दोन्ही आपल्या अंदाजाबाहेरचं. अस्वलं सकाळी लवकर आणि तिन्हीसांजेला फिरतात, म्हणून दिवस मावळायच्या आत रानाबाहेर. फांदी धरताना आधी बघून धरा, चापडा साप हिरवागार असतो, झुडपात हाताच्या उंचीवर बसलेला असतो आणि विषारी आहे. पण खरा धोका विचाराल तर आग्या मोहोळ. कड्याला पोळी लटकलेली असतात, तिथं धूर नको, आरडाओरडा नको, सेंट डिओ मारून तर अजिबात नको, आणि प्रत्येकाच्या सॅकमध्ये एक पातळ चादर असू द्या, माश्या उठल्या तर चेहरा झाकून तिथून लांब व्हायला.

सांगलीकरांसाठी दोन शब्द. तुमच्या शिराळा तालुक्यात मणदूरवरून आत गेलं की चांदोली, झोळंबीचा सडा, वारणेचा उगम त्याच रानात. पण ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथं मनाला येईल तसं चालता येत नाही, परवानगी घेऊन, ठरलेल्या वाटेनं, वनखात्याच्या माणसाबरोबर. मला हे बरोबर वाटतं. काही रान आपल्या पायाशिवायच राहू द्यावं, धारेच्या एका टोकावरून लांबून बघायला मिळालं तरी पुष्कळ.

आणि जे वासोट्याला निघालेत त्यांनी पहिली बोट पकडा, मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळं उशिरा निघालात तर बाबू कडा बघायला पंधरा मिनिटंही मिळायची नाहीत. पाणी माणशी तीन लिटर, घरचा डबा, पायात ग्रिपचे बूट, मोबाईलला रेंज नसते हे घरी आधीच सांगून ठेवा. बामणोलीत किंवा आसपासच्या गावात वाटाड्या मिळतो, तो नक्की घ्या. त्याच्या आज्यापणज्यानं त्या वाटेवरून गुरं नेलेली असतात, फाटा कुठं, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, यंदा कुठली कड ढासळली, हे त्याला पाठ असतं आणि मोबाईलमध्ये ते नसतं. तो मागेल तेवढे पैसे द्या, घासाघीस करू नका, आणि चालताना त्याला गावाचं, आज्याचं विचारा, तो सांगेल ते ऐकत चला. नमस्कार.