डाउनलोड्समध्ये राहिलेलं आधार

(दृश्य : म्हापसा, शुक्रवारचा बाजार. गर्दीतून झेरॉक्सच्या दुकानाची पायरी.)

शुक्रवारचा म्हापसा. गणपतीची चवथ तोंडावर आलेली, बाजारात पाय ठेवायला जागा नाही. पेडण्याहून, डिचोलीहून आलेल्या बायका खरेदीला लागण्याआधी या दुकानात डोकावतात. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे १,५०० रुपये जमा झाले का, ते बघायचं असतं. कोणाला जमिनीचा एक-चौदाचा उतारा हवा, कोणाला बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. सगळं काम एकाच कम्प्युटरवर. माझी आईही याच रांगेत उभी राहायची, म्हणून अशा सगळ्यांच्या कम्प्युटरवर बँकेचं काम करण्यातला धोका सांगायला मी इथूनच सुरुवात करतेय.

दुकानदार भला आहे, म्हाताऱ्या माणसाला आधी खुर्ची देतो. पण त्या कीबोर्डवर दिवसभर किती हात पडतात! त्या सगळ्यांची हमी तो कुठून देणार?

(दृश्य : स्क्रीन. डाउनलोड्सचा फोल्डर. नावं पुसट केलेली.)

त्याच्या परवानगीनं आम्ही हा फोल्डर उघडला. स्टेटमेंट, आधार, पॅन, परत आधार. स्टेटमेंटच्या फाइलला पासवर्ड असतो, म्हणून माणूस निर्धास्त. पण बऱ्याच बँकांच्या फाइलचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख जोडून केलेला असतो. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. आणि नाव, जन्मतारीख दोन्ही शेजारच्याच फाइलमध्ये, आधारच्या स्कॅनवर छापलेलं. कुलूप आणि चावी एकाच खुंटीला.

(दृश्य : सीपीयूची मागची बाजू. कीबोर्डची वायर.)

आता मागे बघा. वायर जिथे आत जाते तिथे बोटाच्या पेराएवढा एखादा तुकडा मध्येच खोचलेला असू शकतो. त्याला कीलॉगर म्हणतात. दाबलेलं प्रत्येक बटण तो साठवून ठेवतो. हेच काम करणारं सॉफ्टवेअरही असतं, आणि ते तर दिसतसुद्धा नाही. ब्राउझरची 'इन्कॉग्निटो' म्हणजे खासगी खिडकी उघडल्यानं यातलं काहीच थांबत नाही. ब्राउझर तुमच्या भेटीची नोंद ठेवत नाही, एवढंच. बँकेच्या पानावरचा माउसनं चालणारा कीबोर्ड त्या तुकड्याला चकवतो, पण स्क्रीनचे फोटो काढणाऱ्या सॉफ्टवेअरपुढे तोही उघडा पडतो.

ओटीपी तर आपल्या फोनवर येतो ना? येतो. पण आपण तो टाकतो त्याच मशीनवर.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती ईमेलची. एका प्रिंटसाठी जीमेल उघडायचा, 'पासवर्ड सेव्ह करू का' याला सवयीनं 'हो' म्हणायचं, आणि बस चुकेल म्हणून तसंच उठायचं. कितीतरी खात्यांचे पासवर्ड बदलण्याची वाट ईमेलमधूनच जाते. व्हॉट्सअॅप वेबचंही तेच. कोणाचं तरी खातं त्या कम्प्युटरवर कित्येक दिवस उघडं राहतं.

म्हणून अशा कम्प्युटरवर बँकेच्या खात्यात शिरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिल्लक बघायला बऱ्याच बँकांची मिस्ड कॉलची सोय आहे. नोंदवलेल्या नंबरवरून कॉल द्यायचा, एसएमएस येतो. पैसे पाठवायचे तर आपल्या फोनवरून, आपल्याच डेटावर. आणि कधी नाइलाजानं तिथे लॉगइन केलंच, तर लॉगआउट करा आणि दुकानाच्या पायरीवरच आपल्या फोनवरून पासवर्ड बदला. व्हॉट्सअॅपमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन तो कम्प्युटर काढून टाका.

पैसे गेले, तर लाजेनं गप्प बसू नका. आधी बँकेला कळवा, लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर फिरवा. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार, चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यावर ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. पासवर्ड आपणच कोणाला दिला असेल, तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून एकेक तास मोलाचा.

(दृश्य : परत दुकान. प्रिंटरमधून कागद येतो.)

काकींच्या हातात कर्जासाठीचं स्टेटमेंट आलं. पिशवीत घातलं. पण त्या खुर्चीवरून उठत नाहीत.

"बाबा, ते आतलं पुसलंस?"

दुकानदार फाइल काढून टाकतो, रिसायकल बिनही रिकामी करतो, आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवतो. काकी चष्मा वर करून नीट बघतात. मग गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीच्या बाजाराकडे निघतात.