उरलेल्या दिवसांची बातमी

(दृश्य : बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीतली एक गल्ली. दारात विड्या वळणाऱ्या बायका.)

पुण्या-मुंबईच्या संपादकाला बेळगाव म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात. सीमाभागातले मराठी लोक कर्नाटकात राहण्याच्या निषेधात पाळतात तो १ नोव्हेंबरचा काळा दिवस आणि याच सीमाप्रश्नी महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा. दोन्ही महत्त्वाच्याच, इथल्या पिढ्या त्यात गेल्या आहेत. पण बाकीचं वर्ष इथली माणसं कशी जगतात, हे सहसा कुणी विचारत नाही. मुक्त पत्रकारानं ते विचारावं.

१९८१ मध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी याच निपाणीत महामार्ग अडवला. गोळीबारात शेतकरी मारले गेले, तेव्हा निपाणीचं नाव देशभर पोचलं. आज विडी वळणाऱ्या बाईला हजारामागे काय मिळतं, खराब म्हणून किती विड्या बाजूला काढल्या जातात, पीएफ खरंच भरला जातो का, हे कळायला तिच्या उंबऱ्याशी बसावं लागतं. पहिल्या भेटीत कुणी बोलत नाही. परत जावं लागतं.

(दृश्य : खानापूर तालुका, कणकुंबीचं जंगल.)

मलप्रभा इथं उगम पावते. शेजारच्या म्हादई नदीचं पाणी मलप्रभेत वळवण्यावरून कर्नाटक आणि गोव्याचा तंटा आहे. त्यासाठीच्या म्हादई लवादानं २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. त्यावर बंगळूर बोलतं, पणजी बोलते. कणकुंबीला कोण विचारतं?

या कामाला कन्नड वाचता आलंच पाहिजे. जमिनीचा उतारा, पंचायतीचा ठराव, भूसंपादनाची नोटीस, सगळं कन्नडमध्ये. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण २००५ च्या कायद्यानुसार तो इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करायचा. कन्नड शिकणं ही मराठीशी फितुरी, हे मला मुळीच मान्य नाही. नोटीस वाचता न आल्यानं ज्याची हरकतीची मुदत हुकते, तो शेतकरी मराठीच असतो.

पैशांचं म्हणाल, तर मानधन आणि प्रवासखर्च निघण्याआधी लेखी ठरवून घ्यावा. सुरुवातीला भाषांतराची कामं जोडीला ठेवावीत. त्यात कमीपणा काही नाही.

आणि विडी वळणाऱ्या त्या बाईचं नाव छापायचं की नाही, हे तिच्याशी बोलून ठरवावं, घाई न करता. बातमी आल्यावर ठेकेदारानं विड्यांसाठीचं पान-तंबाखू देणं थांबवलं, तर चूल तिची बंद पडते. तेव्हा बातमी आल्यानंतरही तिच्याकडे जायचं असतं.