चाक किती मोठं हवं?

[दृश्य : हॅडली फार्म, एसेक्स. दगडांनी बांधलेला उतार, दुतर्फा गर्दी.]

१२ ऑगस्ट २०१२. लंडन ऑलिम्पिकचा शेवटचा दिवस. पुरुषांची माउंटन बाइक शर्यत संपत आलीय. दीड तास दगडधोंड्यांतून हाणामारी झाल्यावर पुढे उरलेत तिघं : स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर, चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव्ह कुल्हावी आणि इटलीचा मार्को फोंताना. फोंतानाची सीटच तुटून पडली. गडी उभ्यानं पेडल मारत राहिला आणि ब्राँझ घेऊन गेला! सोन्याची झुंज उरली दोघांत. अगदी शेवटी कुल्हावी आतल्या बाजूनं घुसला. फरक, एक सेकंद.

सायकलवाल्यांत त्या निकालाची चर्चा रंगली ती मात्र चाकांवरून. कुल्हावी २९ इंची चाकांवर होता, शुर्टर साडेसत्तावीसवर. ज्या २६ इंची चाकावर हा सगळा खेळ वाढला, ते दोघांकडेही नव्हतं.

[दृश्य : कॅलिफोर्निया, माउंट टॅमलपायसची धुळीची वाट.]

२६ हा आकडा डोंगरासाठी कुणी हिशेब मांडून काढलेला नाही. १९३३ मध्ये श्विन कंपनीनं अमेरिकेत जाड, फुगीर टायरच्या सायकली आणल्या, त्यांचं ते माप. चाळीसेक वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मरिन काउंटीत, जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही मंडळी त्याच जुन्या सायकली मिळवून डोंगरावरून खाली सोडू लागली. १९७६ पासून तिथे शर्यती लागल्या. त्या उताराचं नाव पडलं ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’. एकदा खाली उतरलं, की मागच्या हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातल्या, ब्रेकचं ग्रीस जळून त्याचा धूर व्हायचा. हब खोला, नवं ग्रीस भरा, मगच पुढची फेरी.

पुढच्याच वर्षी ब्रीझनं खास डोंगरासाठी फ्रेम बनवली, तीही हाताशी असलेल्या टायरच्या मापानं. इंग्लंडच्या जेफ अ‍ॅप्सनं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडचे मोठ्या मापाचे, बर्फात चालणारे टायर कॅलिफोर्नियाच्या या मंडळींना पाठवून पाहिले होते. पण त्यांच्या पुरवठ्याचा भरवसा नव्हता. जे सहज मिळतं तेच रूढ होतं. २६ रूढ झालं. मोठ्या, २९ इंची चाकाला डोंगरात चालेल असा जाड टायर खऱ्या अर्थानं मिळाला तो १९९९ मध्ये, डब्ल्यूटीबी कंपनीच्या नॅनोरॅप्टरच्या रूपात.

[दृश्य : टेबलावर तीन रिम, शेजारी मापपट्टी.]

आता जरा मोजून बघू. टायरवर छापलेला इंचांचा आकडा बाहेरच्या व्यासाचा आणि अंदाजे असतो. खरं माप म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास : ५५९, ५८४ आणि ६२२ मिलिमीटर. वजाबाकी करा. सव्वीस ते साडेसत्तावीस, २५ मिलिमीटर. साडेसत्तावीस ते एकोणतीस, ३८. मधलं म्हणून खपवलेलं चाक मधोमध नाहीच, ते सव्वीसचं जवळचं भावंड आहे. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

आणि आपल्याकडची ती काळी, मागे दुधाचे कॅन लटकवलेली सायकल? तिचा टायर २८ बाय दीडचा, रिम ६३५. म्हणजे एकोणतीसच्या रिमपेक्षाही मोठी! टायर बारीक, म्हणून आकडा लहान, इतकंच.

[दृश्य : संथ गतीत, चाक दगडावर चढतंय.]

समोर दहा सेंटिमीटर उंचीचा दगड आला. सव्वीसच्या चाकाला तो सुमारे साडेपंचेचाळीस अंशांच्या चढासारखा लागतो, एकोणतीसच्या चाकाला त्रेचाळीसहून थोडा जास्त. फरक जेमतेम दोन अंशांचा. कागदावर काहीच नाही. पण खडकाळ उतारावर असे धक्के एकामागून एक बसत असतात, आणि प्रत्येक धक्क्याला थोडा वेग गळतो. तळाशी पोचेपर्यंत मनगटांना तो फरक बरोबर कळतो.

हे फुकट मिळत नाही. चाक मोठं म्हणजे वजन वाढलं, तेही परिघाकडे, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना जोर जास्त लागतो. स्पोक लांब झाले की चाक बाजूला लवतं. ते आवरायला मागचे हब १४२ वरून १४८ मिलिमीटर रुंद करावे लागले. आणि बुटक्या माणसाची अडचण वेगळीच : तीव्र उतारावर शरीर सीटच्या मागे न्यावं, तर मागचा टायर थेट पार्श्वभागाला घासतो. हसू नका, चड्डी फाटते.

शुर्टरनं साडेसत्तावीस निवडलं होतं ते उगीच नाही. तो सहा फुटांहून उंच कुल्हावीपेक्षा बराच बुटका. लंडनचा निकाल चाकांनी लावला असंही मी म्हणणार नाही. कुल्हावीच्या बाइकला मागेही सस्पेन्शन होतं, शुर्टरच्या नव्हतं. पण २०१६ मध्ये रिओला शुर्टरनं सोनं जिंकलं ते २९ वर. कुल्हावी दुसरा.

[दृश्य : डाउनहिल शर्यत, धूळ.]

क्रॉसकंट्रीत, म्हणजे लंडन-रिओसारख्या चढउतारांच्या शर्यतींत, वाद तिथेच मिटला. डाउनहिलवाले, म्हणजे नुसत्या उतारावर शर्यत लावणारे, थोडे उशिरा वळले. २०१७ मध्ये स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमला दक्षिण आफ्रिकेचा ग्रेग मिनार २९ वर जिंकला. मग २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं पुढचं-मागचं चाक सारखंच हवं ही अट काढली, आणि पुढे २९, मागे साडेसत्तावीस अशा बाइक शर्यतीत उतरल्या. पुढचं चाक दगड ओलांडतं, मागचं बुडाखाली जागा सोडतं.

[दृश्य : सायकलचं दुकान, ओळीनं लावलेल्या फ्रेम.]

दुकानात गेलात तर बऱ्याच मॉडेलमध्ये चाक निवडायचं कामच उरलेलं नाही. लहान फ्रेमला साडेसत्तावीस, मोठीला २९, असं कंपनीच ठरवून देते. तेव्हा आधी फ्रेमवर टांग टाकून उभे राहून बघा, चाकाचं नंतर. घरात जुनी सव्वीसवाली असेल तर भंगारात देऊ नका, तिचे टायर-ट्यूब अजून मिळतात. नवा, भारीतला फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) शोधायला निघालात, तर मात्र बहुधा हात हलवत परत याल.