व्हेरानं सही मागे घेतली नाही

मेक्सिको सिटी ऑलिंपिक, ऑक्टोबर १९६८. महिला जिम्नॅस्टिक्समधल्या फ्लोअर एक्सरसाइजचं, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींचं सुवर्णपदक दोघींना विभागून मिळालंय. एक सोव्हिएत संघाची लारिसा पेत्रिक. दुसरी, चेकोस्लोव्हाकियाची व्हेरा चास्लाव्स्का.

सोव्हिएत राष्ट्रगीत सुरू झालं, आणि व्हेराकडे बघा. मान खाली, चेहरा उजवीकडे वळवलेला. हात जागच्या जागी, तोंडातून चकार शब्द नाही. बीमच्या, म्हणजे अरुंद तुळईवरच्या कसरतींच्या पदकवितरणातही तिनं हेच केलं होतं. तिथं सुवर्ण नतालिया कुचिन्स्कायाला मिळालं आणि व्हेराला रौप्य.

दोनच महिन्यांपूर्वी याच सोव्हिएत संघाचे रणगाडे प्रागच्या रस्त्यांवर उतरले होते.

व्हेराचा जन्म प्रागचा, ३ मे १९४२चा. लहानपणी ती बर्फावर फिगर स्केटिंग करायची. जिम्नॅस्टिक्सकडे तिला वळवलं एव्हा बोसाकोव्हानं, जी स्वतः बीमची ऑलिंपिक विजेती. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये अठरा वर्षांची व्हेरा संघाबरोबर रौप्यपदक घेऊन आली. तेव्हा या खेळावर राज्य होतं सोव्हिएत संघाच्या लारिसा लातिनिनाचं. १९६२ला जागतिक स्पर्धा प्रागमध्येच भरली. घरच्या प्रेक्षकांसमोर व्हेरा लातिनिनाच्या मागे दुसरी आली. दोन वर्षांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये तिनं याची परतफेड केली. सर्व प्रकार मिळून ठरणारं सर्वसाधारण विजेतेपद, व्हॉल्ट (धावत येऊन मारायची उडी) आणि बीम, तिन्हीकडे सुवर्ण. पुढे १९६५ आणि १९६७च्या युरोपियन स्पर्धांत पाचच्या पाच सुवर्णपदकं तिचीच. दोन्ही वेळा! बाकीच्यांनी कशासाठी यायचं, असा प्रश्न पडावा.

मग आलं १९६८. कम्युनिस्ट पक्षाचे सुधारणावादी नेते अलेक्झांडर दुबचेक यांच्या काळात देशात मोकळं वारं वाहू लागलं होतं. वर्तमानपत्रांवरची सेन्सॉरशिप उठली. जूनमध्ये लेखक लुडविक व्हाकुलिक यांनी सुधारणांना पाठिंबा देणारा ‘दोन हजार शब्द’ हा जाहीरनामा लिहिला. त्याखाली सही करणाऱ्यांत व्हेराही होती.

२१ ऑगस्टच्या पहाटेपर्यंत वॉर्सा कराराच्या, म्हणजे सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रदेशांच्या फौजा देशात घुसल्या होत्या. व्हेरा तेव्हा मोराव्हियात ऑलिंपिकचा सराव करत होती. जाहीरनाम्यावर सही म्हणजे अटकेची भीती. ती येसेनिकी डोंगरात जाऊन लपली.

ऑलिंपिक तोंडावर आलेलं आणि हाताशी ना बार, ना बीम. झाडाच्या फांद्यांना लटकून तिनं बारचा सराव केला. ताकद टिकवायला बटाट्यांची पोती उचलली. फ्लोअरचा कार्यक्रम कुरणावर बसवला. हातांवरचे घट्टे मऊ पडले की बारवर कातडी सोलून निघते, म्हणून फावड्यानं कोळसा ओढला. प्रतिस्पर्धी मात्र तेव्हा मेक्सिकोच्या विरळ हवेला सरावत होत्या. अगदी शेवटच्या घटकेला तिला संघाबरोबर जाण्याची परवानगी मिळाली.

मेक्सिकोत फ्लोअरसाठी तिनं संगीत निवडलं होतं तिथलंच, ‘मेक्सिकन हॅट डान्स’. प्रेक्षक वेडे झाले नसते तरच नवल. चार सुवर्णं आणि दोन रौप्य घेऊन ती थांबली, आणि लगेच त्याच शहरात लग्नही केलं. नवरा योसेफ ओदलोझिल, टोकियोत १५०० मीटर शर्यतीचा रौप्यपदक विजेता. लग्नाला चर्चबाहेर ही गर्दी लोटली!

व्यासपीठावरचा तो क्षण आज सगळे दाखवतात. आम्हाला त्यापेक्षा पुढची वीस वर्षं मोठी वाटतात, कारण तिथं ना कॅमेरे होते, ना टाळ्या. जाहीरनाम्यावरची सही मागे घे, असा तगादा सरकारनं लावला. अनेकांनी घेतलीही, घरदार, मुलंबाळं असलेल्या माणसाला त्याबद्दल दोष तरी कसा द्यायचा? व्हेरानं नकार दिला. स्पर्धा बंद, परदेश प्रवास बंद, प्रशिक्षकाची नोकरीसुद्धा नाही. ऑलिंपिक विजेतीनं पोटासाठी लोकांच्या घरी साफसफाईची कामं केली. १९७९मध्ये मेक्सिकोला जाऊन प्रशिक्षण द्यायची मुभा मिळाली, तीही दोनेक वर्षांपुरतीच.

१९८९च्या नोव्हेंबरमध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळली. राष्ट्राध्यक्ष व्हाक्लाव्ह हावेल यांनी तिला सल्लागार नेमलं. ती देशाच्या ऑलिंपिक समितीची अध्यक्ष झाली, पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवरही गेली.

पण १९९३मध्ये घरातच घाव बसला. योसेफपासून ती आधीच विभक्त झाली होती. दोघांच्या मुलाशी झालेल्या झटापटीत योसेफ जखमी झाला आणि काही आठवड्यांनी गेला. मुलाला शिक्षा झाली. पुढे हावेल यांनी ती माफ केली. व्हेरा मात्र नैराश्यात बुडाली आणि कित्येक वर्षं लोकांसमोर आली नाही.

त्यातून ती बाहेर आली, हसत-बोलत. २०११च्या त्सुनामीनंतर जपानमधल्या मुलांना चेक देशात सुट्टीवर आणण्यासाठी तिनं धडपड केली. टोकियोतल्या प्रेक्षकांनी तिला १९६४पासून आपलं मानलं होतं. ३० ऑगस्ट २०१६ला प्रागमध्ये कर्करोगानं तिचं निधन झालं.

तिची ऑलिंपिक सुवर्णपदकं सात, आणि सातही वैयक्तिक. लातिनिनाची वैयक्तिक सुवर्णं सहा. अमेरिकेच्या सिमोन बाइल्सनंही २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत सात सुवर्णं जिंकलीत, पण त्यांतली दोन सांघिक. महिला जिम्नॅस्टिक्समधला व्हेराचा हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.