शाईखालचं नाव

हा कागद जरा जवळून बघा. अमेरिकेतल्या ॲम्हर्स्ट कॉलेजच्या संग्रहातला, १८५८च्या सुमाराचा. अक्षर कवयित्री एमिली डिकिन्सनचं. कडेला सुईनं पाडलेली भोकं आणि कवितेवर शाईच शाई. चुकलेला शब्द खोडावा तशी ही खाडाखोड नाही. वाचताच येऊ नये म्हणून कुणीतरी एकेक ओळ चिकाटीनं बुजवली आहे.

एमिली १५ मे १८८६ रोजी गेली. हयातीत जेमतेम दहा कविता छापून आल्या होत्या, त्याही निनावी. धाकट्या बहिणीनं, लव्हिनियानं, दिलेल्या शब्दाला जागून एमिलीला आलेली पत्रं जाळली. फार वाईट वाटतं याचं. तिच्या चरित्रकारांना संवादाची एकच बाजू ऐकू येते, ती यामुळे. कविता मात्र वाचल्या. हातानं शिवलेल्या चाळीस वह्या निघाल्या, शिवाय सुटे कागद, पाकिटांचे तुकडे, चॉकलेटचं एक वेष्टनसुद्धा. सगळ्या मिळून जवळजवळ १८०० कविता.

लव्हिनियानं या कविता आधी शेजारच्या घरात दिल्या, वहिनीकडे, म्हणजे सूझनकडे. तिथं काम रेंगाळलं, तेव्हा त्या मेबल लूमिस टॉड या बाईंकडे गेल्या. सूझनचा नवरा ऑस्टिन हा एमिलीचा सख्खा भाऊ. त्याचं आणि मेबलचं प्रेमप्रकरण तेव्हा चालू होतं. १८९० साली पहिला संग्रह निघाला तो बराचसा मेबलच्या कष्टांमुळे, हे श्रेय तिला द्यायलाच हवं. पुढे ऑस्टिन वारला. जमिनीच्या एका तुकड्यावरून लव्हिनियानं मेबलला कोर्टात खेचलं, १८९८मध्ये निकाल लव्हिनियाच्या बाजूनं लागला, आणि मेबलनं आपल्याजवळचे कागद पेटीत घालून कुलूप लावलं. ते उघडलं १९२९ साली.

भांडण घरातलं, पण फाटाफूट झाली ती कागदांची. सूझनच्या घरातले कागद १९५०मध्ये हार्वर्डला गेले. मेबलकडची हस्तलिखितं तिची मुलगी मिलिसेंट टॉड बिंगहॅम हिनं १९५६मध्ये ॲम्हर्स्ट कॉलेजला दिली. मेबलनं वह्या उसवून पानं सुटी केली होती. त्यांचा मूळ क्रम अभ्यासक राल्फ फ्रँकलिन यांनी सुईची भोकं, डाग आणि घड्या एकमेकांशी जुळवून लावला.

मिलिसेंटनं आणखी एक गोष्ट केली, आणि तिला धाडस लागतं. आईच्या रोजनिश्या, ऑस्टिनची प्रेमपत्रं, हे सारं येल विद्यापीठाकडे सोपवून तिनं तिथले प्राध्यापक रिचर्ड स्यूअल यांना ते वापरू दिलं. आईची बाजू तेवढी मांडा, अशी अट न घालता. स्यूअल यांनी लिहिलेलं एमिलीचं दोन खंडांचं चरित्र १९७४ साली आलं. मिलिसेंट १९६८मध्येच गेली होती.

आता पुन्हा त्या बुजवलेल्या पानाकडे येऊ. एमिली म्हणते, मला एक बहीण घरात आहे आणि एक कुंपणापलीकडे. कुंपणापलीकडची म्हणजे सूझन. हीच कविता एमिलीनं स्वतंत्र कागदावर लिहून तिला पाठवली होती. ती प्रत सूझनच्या घरातच राहिली, म्हणून शाईच्या तावडीतून सुटली. आज ती हार्वर्डमध्ये आहे, अक्षर न् अक्षर वाचता येतं. रात्रीच्या असंख्य ताऱ्यांतून मी हा एकच निवडला, असं म्हणून शेवटच्या ओळीत एमिलीनं वहिनीला लाडक्या नावानं हाक मारली आहे. स्यू.