उजव्या दंडावरची लस

(दृश्य: करवीर तालुका. उसाच्या फडाशेजारच्या कोप्या, विझत आलेल्या चुली.)

निवेदन :

डिसेंबरची सकाळ. टोळी पहाटेच फडात गेली आहे. एक आई मात्र मागं थांबलीय, मांडीवर दहा महिन्यांचं बाळ घेऊन. आशाताई विचारतात, "कार्ड आहे का बाळाचं?"

"गावाकडं राहिलं ताई, पेटीत."

आशाताई बाळाचा डावा दंड बघतात. बीसीजीचा बारीक व्रण आहे, म्हणजे सुरुवातीची लस मिळाली. मग उजवा दंड. गोवर-रुबेलाची लस तिथं देतात. पण ही लस मागं खूण ठेवत नाही. लस घेतलेल्या बाळाचा दंडही कोरा, न घेतलेल्याचाही कोराच.

रुबेला हा विषाणूचा आजार. त्याचं सगळं असंच, नजरेआड. बारीक लालसर पुरळ, कानामागं गाठी, थोडी कणकण, आणि तीन दिवसांत सगळं निवळतं. कितीतरी जणांना पुरळही येत नाही. घरात म्हणतात, अंगात उष्णता झाली असेल.

1941 साली सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक येऊ लागली. आयांशी बोलताना धागा सापडला : बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. पहिल्या बारा आठवड्यांत हा विषाणू आईला गाठतो, तेव्हा दहापैकी नऊ बाळांपर्यंत इजा पोहोचू शकते. मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयातला दोष. आईला मात्र जेमतेम कणकण आलेली असते.

(दृश्य: शाळा सुटतानाची गर्दी.)

लस नसलेल्या वस्तीत रुबेलाचा एक रुग्ण साधारण सहा-सात जणांना आजार देतो. शंभरातल्या पंच्याऐंशी जणांच्या अंगात प्रतिकारशक्ती असली, की साखळी तुटते. लसीच्या एका डोसानंतर शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना संरक्षण मिळतं. म्हणजे हे गाठता येण्याजोगं आहे.

पण लसीकरण अर्धवट राहिलं तर? इथं जरा थांबायला हवं, कारण हे चटकन पटत नाही. लस नव्हती तेव्हा बहुतेक मुलींना रुबेला लहानपणीच होऊन जायचा. निम्म्याशिम्म्या मुलांना लस दिली, की विषाणूचं फिरणं मंदावतं, थांबत नाही. लस चुकलेली मुलगी सहाव्या वर्षी त्याच्या तावडीतून सुटते आणि तेविसाव्या वर्षी सापडते, नेमकी दिवस गेलेले असताना. ग्रीसमध्ये हेच झालं. लस 1975 च्या सुमारास आली, पण कमी मुलांपर्यंत पोहोचली. 1993 मध्ये तरुण वयातल्या लोकांत मोठी साथ उसळली, आणि पाठोपाठ दोष घेऊन जन्मलेली बाळं. जपाननं बरीच वर्षं फक्त मुलींना लस दिली. 2012-13 च्या साथीत आजारी पडले ते मुख्यतः मोठे पुरुष, आणि त्या साथीपायी 45 बाळं रुबेलाचे दोष घेऊन जन्माला आली.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली नोव्हेंबर 2018 मध्ये. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतची मुलं शाळाशाळांतून रांगेत उभी राहिली. त्याआधीच पंधरा ओलांडलेल्या मुली त्या रांगेत नव्हत्या. त्यांच्यापैकी कुणी आज आई होण्याच्या विचारात असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. लस गरोदरपणात देत नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर थांबावं लागतं.

जिल्ह्याची टक्केवारी चांगली असली तरी लस चुकलेली मुलं सगळीकडे सारखी विखुरलेली नसतात. ती एका वीटभट्टीवर, एका फडावर गोळा झालेली असतात, आणि साथीला तेवढी जागा पुरते. म्हणून आम्हाला ही सकाळची फेरी फार मोलाची वाटते.

(दृश्य: पुन्हा कोपी. शीतपेटी उघडते.)

कार्ड नाही, खूण नाही, म्हणून बाळाला लस द्यायचीच ठरतं. सिस्टर कुपीतल्या पावडरीत द्रावण मिसळतात, कुपीवर वेळ लिहितात. आता चार तास. त्यानंतर उरलेली लस टाकून द्यायची. आशाताई शेजारच्या कोप्यांतून आणखी मुलं शोधायला निघतात.

बाळ एकदाच जोरात रडतं. सिस्टर नवं कार्ड भरतात. दुसरा डोस सोळा महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे जूनमध्ये. तेव्हा टोळी गावी परतलेली असेल. सिस्टर तारीख ठळक लिहितात, खाली दोन रेघा ओढतात. आई कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालते, पिशवीला गाठ मारते आणि बाळाला कडेवर घेऊन फडाची वाट धरते.