आरतीच्या ताटाचं माप

नमस्कार, श्रोतेहो. ज्यांच्या अंगणात जुनी मोटरसायकल आहे त्यांनी रेडिओचा आवाज जरा वाढवा. ज्यांच्याकडे नाही त्यांनीही ऐकायला हरकत नाही, मनगटं सगळ्यांनाच असतात. आज बोलायचं आहे हँडलाबद्दल. जुन्या गाडीचं हँडल बदलायचं झालं तर अंगाला सोसेल असं हँडल कसं निवडायचं?

तीनच शब्द सांगतो. उंची, वाक आणि रुंदी. कागद-पेन्सिल शोधू नका, मी हे परत परत सांगणार आहे. उंची म्हणजे मधल्या पकडीपासून मुठी किती वर आहेत. वाक म्हणजे मुठी तुमच्याकडे किती मागे वळल्या आहेत. रुंदी म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर. दुकानात गेलं की दुकानदार नावं सांगतो, हे कॅफे रेसरचं, हे क्रूझरचं, हे अमकं. नावांवर जाऊ नका. उंची, वाक, रुंदी विचारा.

आता आमच्या घरची गोष्ट. ही सांगायचीच म्हणून आज मी इथे आलो आहे, हे आमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनाही ठाऊक आहे.

आमच्याकडे बाबांची बुलेट आहे, 1969 सालची, साडेतीनशे सीसी. जीडीने, म्हणजे गोवा, दमण, दीवच्या अक्षरांनी सुरू होणारा नंबर. 1955 साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट आपल्याकडे बनायला लागली, त्यातलीच ही एक, गोवा मुक्तीनंतर आठ वर्षांनी आमच्या दारात आलेली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. बाबा उंच, हात गुडघ्याला लागतील इतके लांब. मी आईच्या वळणावर गेलो, पाच फूट चार इंच. बाबांच्या पश्चात ती गाडी मी चालवली ती सदरा मोठा झालेल्या मुलासारखी. खांदे ताणून, पुढे वाकून. पण तक्रार कशी करणार? बाबांची गाडी!

मी साठीचा झालो तेव्हा माझ्या भाच्याने वाढदिवसाला एक लांबट पुडकं आणलं. आत हँडल. सरळसोट, आडवं, काळं कुळकुळीत, उंची जवळजवळ शून्य. ‘मामा, लुक बघा!’ म्हणाला. पोरगा मनापासून आणतो तेव्हा नाही म्हणवत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी त्याने ते बसवलंसुद्धा. गाडी खरंच देखणी दिसत होती, खोटं कशाला बोलू? शेजारच्या तीन पोरांनी फोटो काढले.

पुढच्या रविवारी मी फोंड्याहून निघालो. उसगाव, साखळी, केरी करत चोर्ला घाट चढायचा, वर चहा घ्यायचा आणि परतायचं, असा बेत. साखळीपर्यंत मी स्वतःला वीस वर्षांचा समजत होतो. मध्ये गतिरोधक किती लागले ते मोजायचं सोडून दिलं. आपल्याकडे गतिरोधक घालणाऱ्याला स्वतःच्या गाडीवर बसवून त्यावरून दहा फेऱ्या मारायला लावाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे, पण तो वेगळा विषय. प्रत्येक गतिरोधकाला सगळं अंग तळहातांवर येत होतं. केरीला पोचेपर्यंत करंगळी बधिर. घाटाच्या पायथ्याला करंगळीच्या शेजारचं बोटही गेलं. वर टपरीवर चहाचा ग्लास धरला आणि तो हातातून सुटला. टपरीवाल्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी सकाळी सकाळी काही घेऊनच आलोय. त्याला काय सांगणार, की हा वाढदिवसाचा प्रसाद आहे म्हणून!

डॉक्टरांनी हात दाबून पाहिला, कोपर दाबलं, मान वळवायला लावली आणि विचारलं, ‘नवीन काय सुरू केलंत?’ मी म्हटलं, हँडल. ते हसले. तळहाताच्या कडेने, करंगळीच्या बाजूने एक नस जाते. करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट तिच्या ताब्यात. हँडल खाली गेलं की धडाचं वजन हातावर येतं, मनगट मागे दुमडतं आणि ती नस मूठ आणि हाड यांच्यात चेपते. त्यात आमचं इंजिन एकाच पिस्टनचं, आणि तो पिस्टन दर फेऱ्याला नव्वद मिलिमीटर वर, नव्वद मिलिमीटर खाली. थरथर सगळी हातात. नस चेपलेली आणि वरून थरथर, मग बोटं झोपणार नाहीत तर काय करणार?

म्हणून शुक्रवारी म्हापसा गाठलं. तिथे बाजारामागच्या गल्लीत एक म्हातारा मिस्त्री आहे, जुन्या गाड्यांचा. शुक्रवारचा बाजार म्हणजे तुम्हाला माहीत आहेच. मिरच्या, चवरीस म्हणजे आपले गोव्याचे सॉसेज, रोपं, मडकी, सगळी गर्दी गॅरेजच्या उंबऱ्यापर्यंत आलेली. मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ‘हें हँडल कोणाचें?’

‘माझंच.’

‘तुजें न्हय. हें फोटोचें.’

मी म्हटलं, ठीक आहे, मग बाबांचं जुनं परत बसव, घरी ठेवलंय. तो म्हणाला, तेही तुझं नव्हे, ते तुझ्या बाबांचं. आणि त्याने नवं हँडल सोडवून बाजूला ठेवलं. गाडी मधल्या स्टँडवरून खाली उतरवली, पोराला मागून धरायला सांगितलं आणि मला वर बसवलं. ‘दोळे धांप. आरतेचें ताट धरतात तशे हात मुखार कर.’

श्रोतेहो, हे तुम्ही आत्ता, खुर्चीत बसल्या बसल्या करून बघा. डोळे मिटा. पाठ आहे तशीच, ताठही नको, पोक काढूनही नको. खांदे सैल सोडा. आता दोन्ही हातांत आरतीचं ताट आहे असं समजून हात पुढे करा. कोपरं किंचित वाकलेली राहतात. हात छातीच्या खाली, पोटाच्या वर कुठेतरी थांबतात. ती तुमची जागा. तुमच्या बापाची नव्हे, भाच्याची नव्हे.

मिस्त्रीने माझ्या दोन्ही मुठींत वेळूची एक काठी दिली. मूठ जिथे आली तिथे खडूने खूण. मग म्हणाला, असाच बस, डोळे उघडू नकोस, वीस मिनिटं. लगेच बसलं की सगळंच बरं वाटतं, अंग खरं बोलतं ते वीस मिनिटांनी. आणि तो चहाला निघून गेला.

आता चित्र डोळ्यांपुढे आणा. म्हापशाचा शुक्रवार, भर बाजार. साठ वर्षांचा माणूस, इंजिन बंद असलेल्या, हँडल नसलेल्या बुलेटवर, डोळे मिटून, हातात आडवी काठी धरून बसलाय. मागे एक पोर गाडी धरून मोबाइल बघतोय. माझी अडचण आणखी एक होती. मिस्त्रीच्या दारात नेहमी पायलटांच्या, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्या मोटरसायकलवाल्यांच्या गाड्या दुरुस्तीला असतात, पिवळ्या मडगार्डच्या, आणि त्या दिवशी दोन उभ्या होत्या, माझ्या दोन्ही बाजूंना.

‘पायलट, पर्रा येतलो मरे?’

मी डोळे उघडायच्या आत गाडी मागून दबली. एक म्हातारी, डोक्यावरची पाटी मांडीवर घेऊन, एका बाजूला दोन्ही पाय सोडून माझ्यामागे बसलेली! पाटीत कसलीतरी रोपं, पानं माझ्या कानाला लागत होती. मी म्हटलं, मावशी, मी पायलट नव्हे. ती म्हणाली, मग इथे कशाला बसलायस? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हँडल कुठे आहे हे तिने विचारलंच नाही, यावरून पायलटांवर गोव्याच्या बायकांचा किती विश्वास आहे ते बघा.

तेवढ्यात मिस्त्री चहा घेऊन परतला. मला वाटलं हसेल. त्याने चहा खाली ठेवला आणि हात वर करून म्हणाला, ‘मावशे, दोन मिनटां अशीच बस!’ माझ्याजवळ आला, परत डोळे मिटायला लावले, परत ताट धरायला लावलं. मुठी कुठे आल्या असतील? पहिल्या खुणेपेक्षा चांगल्या दोन बोटं मागे. मागे माणूस बसलं की मागचे शॉक दबतात, आपलं अंग मागे कलतं, आणि हात तेवढे मागे येतात. मिस्त्रीने विचारलं, घरी मागे कोण बसतं? मी म्हटलं, बायको, आठवड्यातून चार दिवस. ‘मग हेंच माप,’ म्हणाला आणि दुसरी खूण पक्की केली.

मावशीला त्याच्या पोराने स्कूटरवरून पर्ऱ्याला सोडलं. तिने त्याला भाडं दिलं, आणि त्याने ते घेतलंही.

ती काठी घेऊन आम्ही दुकानात गेलो. काठी आडवी धरायची आणि एकेक हँडल तिच्याशी ताडून बघायचं. उंची, वाक, रुंदी. उंची मला बाबांच्या हँडलाइतकीच लागली, वाक बराच जास्त, रुंदी थोडी कमी, खांद्यांपेक्षा टीचभर जास्त इतकीच. फार रुंद हँडल वळवायला हलकं जातं, पण छातीवर वारा घेतं आणि अरुंद गल्लीत कोपरं भिंतीला लावतं. फार उंच घेतलंत तर हात वर टांगलेले राहतात, तासाभरात खांदे भरून येतात. माझ्यासाठी निवडलेलं हँडल दिसायला अगदी सामान्य आहे. पदेराच्या सायकलचं हँडल आठवा. पहाटे पाव घेऊन येणारा पदेर, पाठ ताठ, हात सैल, पॉंय पॉंय करत जन्मभर फिरतो आणि कधी मनगट धरून बसलेला दिसत नाही. पाव लहान होत चाललाय ही त्याची चूक असेल, पण बसणं त्याचं बरोबर आहे.

वेळ भराभर जातोय, तेव्हा बाकीचं घाईत.

नळीची जाडी. बुलेट, येझदी अशा गाड्यांना बावीस मिलिमीटरची नळी, हार्लेसारख्यांना इंची, म्हणजे पंचवीस. चुकीची जाडी घेऊन पत्र्याच्या पट्ट्या कोंबू नका, हँडल पकडीत फिरलं तर तुम्ही खड्ड्यात. मधला सरळ भाग पकडीपेक्षा आखूड नसावा. बुलेटमध्ये ही पकड हेडलाइटच्या ॲल्युमिनियमच्या घरात असते, पाना बेताने फिरवा, आटे गेले की खर्च वाढला.

वायरी. हे महत्त्वाचं, म्हणून दोनदा सांगतो. हँडल उंच किंवा मागे आलं की वायरी कमी पडतात. क्लच, पुढचा ब्रेक, ॲक्सिलेटर आणि आमच्यासारख्या जुन्या बुलेटला डीकॉम्प्रेसर, म्हणजे किक मारताना इंजिनातला दाब सोडणारी दांडी, यांच्या चारही बघायच्या. गाडी सुरू करा, हळू चालू ठेवा, आणि हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. इंजिनाचा आवाज वाढला तर ॲक्सिलेटरची वायर ताणली जातेय. तशी गाडी रस्त्यावर काढू नका, वळणावर ती आपणहून पळेल. परत सांगतो, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, आणि कान इंजिनाकडे. त्याच वेळी बघा की अंगठा टाकी आणि मूठ यांच्यात चेपत नाही ना. भाच्याच्या हँडलाने माझा चेपला होता, ते मघाशी सांगायचं राहिलं.

क्लच आणि ब्रेकच्या दांड्या बोटं सरळ ठेवून धरता येतील अशा किंचित खाली झुकवा, मनगट वर मोडायला नको. मुठी जाड, मऊ रबराच्या. आपल्याकडची खारी हवा क्रोम खाते, म्हणून किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी स्टेनलेसचं मिळालं तर तेच घ्यावं. किनाऱ्यावरच्या लोकांनी एकंदर लोखंडी वस्तूच कमी बाळगाव्यात, खिडक्यांचे गजसुद्धा, पण असो.

आणि शेवटी जुनं हँडल. ते भंगारात देऊ नका. जुलै 2021 मध्ये केंद्राने नियम केले, त्याप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, व्हीए अक्षरांची पाटी मिळते. मात्र अशी गाडी मग रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. मला बायकोला घेऊन बाजारात जायचं असतं, म्हणून मी ती पाटी घेतलेली नाही. पण माझ्यानंतर भाच्याला घ्यावीशी वाटली तर मूळ हँडल हवं.

तेव्हा बाबांचं हँडल तेलाचा हात फिरवून, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलंय, मातोळीच्या, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या चौकटीशेजारी. चवथीच्या आधी मातोळी खाली उतरते तेव्हा तेही उतरतं. चौकट धुऊन पुसून होईपर्यंत मी त्याला परत तेल लावतो, मुठींच्या जागी एकदा हात ठेवून बघतो. अजूनही दोन बोटं लांबच पडतं. नमस्कार.